राखीव बिट: शून्य लिहायचे, की आहेत तसेच ठेवायचे?

चिपच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) रजिस्टरच्या, म्हणजे चिप नियंत्रित करायच्या छोट्या साठ्याच्या, काही बिटांपुढे 'रिझर्व्हड' (राखीव) लिहिलेलं असतं. या एका शब्दामागे तीन वेगळ्या सूचना असतात: शून्य लिहा, आहे ते जपा, किंवा सांगितलेलीच किंमत लिहा. यातली कोणती लागू आहे हे दर रजिस्टरला तपासावंच लागतं.

इथरनेट फायचं (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपचं) रजिस्टर ० घ्या. इथरनेटच्या ८०२.३ मानकानुसार त्याचे बिट ४ ते ० राखीव: लिहिताना शून्य, वाचताना दुर्लक्ष. १६ ते ३१ ही रजिस्टरं मात्र चिप बनवणाऱ्याची. तिथल्या राखीव बिटांत रिसेटनंतर १ असू शकतो आणि त्यावर ॲनालॉग भागाची जुळवणी अवलंबून असू शकते. पूर्ण १६ बिटांचा आकडा ठोकून लिहिला की ती जुळवणी गेली. मग टेबलावरच्या एक मीटर केबलवर सगळं नीट चालतं, लांब केबलवर सीआरसी एरर (डेटा बिघडल्याच्या चुका) येतात, आणि शोध चुकीच्या जागी, कनेक्टरपासून, सुरू होतो.

लिनक्समध्ये यासाठी फाय_मॉडिफाय हे फंक्शन आहे: ते रजिस्टर वाचतं, मास्कने निवडलेले बिटच बदलतं आणि परत लिहितं. मास्कमध्ये फक्त आपले बिट द्या. वाचणं आणि लिहिणं एमडीआयओ बसच्या (फायची रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या मार्गाच्या) एकाच लॉकखाली होतं. हेच हाताने करताना फाय_रीड या वाचायच्या फंक्शनचं उत्तर यू१६ मध्ये (ऋण आकडा न घेणाऱ्या १६ बिटांच्या प्रकारात) घेऊ नका. वाचन फसलं तर ते ऋण आकडा देतं. ईआयओ (वाचन-लेखन फसल्याची चूक) म्हणजे -५, आणि यू१६ मध्ये त्याचं हेक्स एफएफएफबी होतं. ते रजिस्टर ० मध्ये परत गेलं की रिसेट, लूपबॅक, पॉवर-डाउन, आयसोलेट सगळे एकदम १! इंट (ऋण आकडा घेणारा प्रकार) वापरा, ऋण असेल तर तिथूनच परत फिरा.

पण इंटरप्ट स्टेटस रजिस्टरवर फाय_मॉडिफाय चालवू नका. कोणता इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक) आला ते हे रजिस्टर दाखवतं, आणि त्याचा बिट १ लिहून पुसायचा असतो. बिट आधीच १ असतो, नवी किंमत जुन्याइतकीच निघते, म्हणून फंक्शन लिहीतच नाही आणि इंटरप्ट तसाच राहतो. हाताने वाचून परत लिहिलंत तर उलटा घोटाळा: न हाताळलेले इंटरप्टही पुसले जातात. इथे सरळ फाय_राइट (न वाचता लिहिणारं फंक्शन) करा, हाताळलेल्या बिटांत १, बाकी शून्य. राखीव बिट जपायचे असतील तर तेवढेच मास्कने मिसळा.

कधी राखीव बिट मुद्दाम चढवावाच (१ करावाच) लागतो. इंटेलच्या नेटवर्क चिपांसाठीच्या ई१०००ई ड्रायव्हरमध्ये अशा आवश्यक बिटांसाठी वेगळं फंक्शनच आहे. आयसीएच८ या इंटेल चिपसेटच्या फंक्शनात टीएक्सडीसीटीएल या (डेटा पाठवण्याशी संबंधित) रजिस्टरचा बिट २२ नाव न देता चढवलेला दिसतो. तुमच्या कोडमध्ये त्या ओळीवर इराटाचा (चिपच्या ज्ञात दोषांच्या यादीतला) क्रमांक लिहा, आणि चिपचं रिव्हिजन तपासूनच ती चालवा.