किल्ली फ्रीजमध्ये

तासगावात पप्पांचं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे. लग्न, बारसं, ग्रामसभा, सगळीकडे आमचे कर्णे आणि आहुजाचा अॅम्प्लिफायर. सहावीत असल्यापासून मी केबल गुंडाळतेय. तळहात ते कोपर, तळहात ते कोपर, दोरीची गुंडी करतात तशी. ही पद्धत साफ चूक आहे हे कळायला मला पोस्ट ग्रॅज्युएशन करावं लागलं.

सांगलीत फिजिक्समध्ये बीएस्सी झाले आणि पुण्यातल्या एफटीआयआयची, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची, प्रवेश परीक्षा दिली. तिथल्या साऊंडच्या कोर्सला बारावीत फिजिक्स असावं लागतं, म्हणजे आपण अर्धे आत गेलोच, अशी माझी समजूत. यादीत नाव आलं नाही. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात 1960 साली सुरू झालेली संस्था, जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि माझी तयारी दीड महिन्याची. आठवडाभर रडले, मग पुण्यातल्याच एका खासगी कॉलेजात मीडिया प्रॉडक्शनच्या दोन वर्षांच्या एमएला प्रवेश घेतला. पप्पा फीचा कागद बघून म्हणाले, "माईक टेस्टिंग शिकायला साडेतीन लाख?"

वर्गात आम्ही 28 जण. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, काय व्हायचंय? 21 डायरेक्टर, चार कॅमेरा, दोन एडिट. साऊंडला मी एकटी. तेव्हा जरा ओशाळले, पण खरा फायदा त्यातच निघाला. डायरेक्टर होणाऱ्यांना दोन वर्षांत प्रत्येकी दोन-तीन फिल्म मिळाल्या. मी 17 फिल्मवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, धरला, कारण दुसरं कोणी धरायला तयारच नव्हतं. असा कोर्स निवडणाऱ्या कोणी मला विचारलं, तर मी आधी हेच सांगते: ज्या रांगेत गर्दी नाही तिथे उभे राहा, हातात सामान जास्त वेळ राहतं.

पहिलं सेमिस्टर थिअरीत गेलं. कम्युनिकेशनची मॉडेल्स पाठ केली, पेपर लिहिला, विसरले. दुसऱ्या सेमिस्टरला एक व्हिजिटिंग सर आले, दर शुक्रवारी. वीस-बावीस वर्षं लोकेशन साऊंड, म्हणजे शूटिंगच्या जागीच आवाज रेकॉर्ड करायचं काम, केलेला माणूस. पहिल्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही. डोळे मिटून दहा मिनिटं बसा आणि ऐकू आलेलं लिहून काढा, एवढंच. बहुतेकांनी सहा-सात गोष्टी लिहिल्या. सरांच्या यादीत एकोणीस होत्या. त्यात ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण होती, खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्स मशीनचा पंखा होता आणि माझ्या पोटातला आवाजही होता.

आकडे त्यांनी कधी नुसते घोकून घेतले नाहीत. व्हिडिओचा साऊंड 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, असा घ्यायचा, गाण्याच्या सीडीसारखा 44.1 ला नाही. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, आणि त्यामागे भिंतीतल्या 50 हर्ट्झच्या विजेचा इतिहास. मी फिजिक्सची, मला हे ओळखीचं वाटायचं. पप्पांच्या कर्ण्यातून भाषणाआधी जो 'हम्म्म' येतो तो याच 50 हर्ट्झचा, हे मी वर्गात बसून ओळखलं आणि एकटीच हसले.

आता वाड्याची गोष्ट. दुसऱ्या वर्षीची डिप्लोमा फिल्म कसबा पेठेतल्या एका वाड्यात होती, मे महिन्यात, चार दिवस. स्वयंपाकघरात आई-मुलीचा लांबलचक सीन. मालकीणबाईंचा जुना फ्रीज असा घरघरायचा की वाक्याचा शेवट कळू नये. काकूंना विचारून मी तो बंद केला. सीन झाला, पॅक अप झालं, सामान टेम्पोत चढलं आणि आम्ही निघालो. फ्रीज तसाच बंद. सकाळी काकूंचा फोन. दोन लिटर दूध आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला आमरस, दोन्ही गेलं. काकू ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "हापूसचा होता गं," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडीची किल्ली कुठे होती तुझी?" खिशात, म्हटलं. "फ्रीज बंद केलास की किल्ली फ्रीजमध्ये टाकायची. किल्लीशिवाय घरी कशी जाशील?" साऊंडवाल्यांमधली ही जुनीच युक्ती आहे म्हणे. कुठल्याही सिलॅबसमध्ये मला ती दिसली नाही.

पण आमरसापेक्षा मोठी चूक एडिटला बसल्यावर कळली. मी रूम टोन घेतलाच नव्हता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. सीन संपला की सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून नुसती ती शांतता रेकॉर्ड करायची, कारण एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये कापलं की तिथे आवाजाचं भोक पडतं. भोक म्हणजे अक्षरशः भोक: हेडफोन लावून ऐकताना कोणीतरी एकदम कान दाबल्यासारखं होतं. चार दिवसांच्या घाईत युनिटला गप्प बसवायची मला भीड वाटली होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंचे पाय धरून पुन्हा वाड्यात गेले, रेकॉर्डर घेऊन. बाहेर पाऊस. पन्हळीतून पाणी, कौलांवर पाणी, चौकात पाणी. मेमधली कोरडी दुपार त्या घरात कुठेच उरली नव्हती. परत येऊन सगळे टेक पहिल्यापासून ऐकायला घेतले. 'साऊंड रोलिंग' आणि 'अॅक्शन' यांच्यामध्ये कुठे अर्धा सेकंद, 'कट'च्या आधी कुठे पाऊण सेकंद, जिथे कोणी बोलत नाही, बांगडी वाजत नाही, कबुतर फडफडत नाही. असे अकरा तुकडे सापडले. एकावर एक किंचित चढवून सांधले, साधारण सहा सेकंद झाले, आणि तेच फिरवून फिरवून नऊ मिनिटांचा सीन भरला. त्यात तीन रात्री गेल्या. स्क्रीनिंगला कोणाच्या काही लक्षात आलं नाही. साऊंडचं काम चांगलं झालं की असंच होतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

कॉलेजच्या माहितीपत्रकात '100 टक्के प्लेसमेंट' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आल्या एक इव्हेंटवाली कंपनी आणि एक रील्स बनवणारी एजन्सी. मी साऊंड म्हटल्यावर इव्हेंटवाल्यांनी विचारलं, "डीजे का?" मी तिथून उठले. याबद्दल कॉलेजवर अजून राग आहे. शिकवलं चांगलं, पण जे देता येणार नव्हतं ते छापायला नको होतं.

काम मिळालं ते सरांच्या एका फोनवर. ठाण्याच्या घोडबंदर रोडला एका बंगल्यात मराठी मालिकेचं शूट चालू होतं, तिथल्या साऊंड रेकॉर्डिस्टना बूमला माणूस हवा होता. माझी एमएची फाइल, 17 फिल्मची यादी, पेनड्राइव्ह, सगळं घेऊन गेले. त्यांनी काहीच पाहिलं नाही. पायाजवळची दहा मीटरची केबल उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गुंडाळ."

एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, मनगट फिरवून. कोपरावर गुंडाळली की आतल्या तारेला पीळ बसतो आणि काही महिन्यांत केबल कुठेतरी तुटते. सरळ-उलट केली की पीळ आपोआप सुटतो, टोक धरून फेकली तर सरळ लांब पडते. त्यांनी फेकली. सरळ पडली. "उद्या सातला ये."

सेटवरची भाषा कॉलेजात शिकवत नाहीत. पहिल्याच सकाळी 'मॉनिटर!' अशी हाक आली आणि मी मॉनिटरकडे धावले. तिथे मॉनिटर म्हणजे टेकच्या आधीची शेवटची तालीम. लाइटचे दादा हसले, पण दुपारी त्यांनीच शिडी धरून बूमसाठी सावली न पडणारा कोपरा दाखवला.

मालिकेत माझा खरा शत्रू मंगळसूत्र. लेपल माईक, म्हणजे कपड्यांना लावायचा बारीक माईक, पदराआड लावायचा, आणि बाई वळल्या की काळे मणी त्यावर आपटणार: खळ्ळ. शिवाय पैठणीची सळसळ, हिरव्या चुड्याचा किणकिणाट. कॉलेजमधल्या आमच्या फिल्ममध्ये सगळ्या नायिका टीशर्टात, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आता खिशात मायक्रोपोर टेप असते. माईक मण्यांच्या वर एका बाजूला, मंगळसूत्र आतून टेपने साडीला धरलेलं, बांगड्यांमध्ये दोरा. सासूची भूमिका करणाऱ्या ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बरं झालं बाई, मुलगी आली. इतकी वर्षं माईक लावताना मी छताकडे बघत उभी राहायची." दोन वर्षांच्या शिक्षणात मला मिळालेली ती सगळ्यात चांगली पावती.

पैशाचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. बारा तासांची शिफ्ट, आणि पैसे 90 दिवसांनी. म्हणजे जूनचं काम, सप्टेंबर अखेरीला पैसे, तेही बिल वेळेवर दिलं तर. बिल कसं करायचं हे मी एका असिस्टंट डायरेक्टरकडून वडापाव खाऊ घालून शिकले. दहा टक्के टीडीएस कापून आल्यावर मला वाटलं फसवलं. मग कळलं की रिटर्न भरलं तर ते परत मिळू शकतं. एका प्रॉडक्शनवाल्याने सात महिने पैसे थकवले, त्या काळात ठाण्याच्या खोलीचं भाडं पप्पांनी भरलं. चार सेमिस्टरमधला एक शुक्रवार बिल, टीडीएस आणि उधारी यांवर घातला असता तर कम्युनिकेशनच्या मॉडेल्सचं काही बिघडलं नसतं.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा दुकानाची एका सत्काराची ऑर्डर होती. कर्ण्यातून नेहमीचा 'हम्म्म'. मिक्सर एका बोर्डावर, अॅम्प्लिफायर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बोर्डावर. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फेरा तयार होऊन गुणगुण शिरत होती. मी दोन्ही एकाच बोर्डावर आणले. गुणगुण थांबली.

पप्पा स्टेजच्या मागून धावत आले. "काय गं, बंद पडला काय?"