रजिस्ट्री ऑफिसात त्या दिवशी जे बघितलं

वकिलीत हक्कसोडपत्रं, म्हणजे बहिणीनं जमिनीतला वाटा भावाला सोडून दिल्याचे कागद, एवढी केलीत की मजकूर तोंडपाठ झालाय. आमच्या तुळजापूर भागात उन्हाळ्यात बहिणी माहेरी आलेल्याच असतात, भाऊ साडी घेतो, गाडी करून आणतो आणि दहा मिनिटात अंगठा होऊन जातो. मी प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगते की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क पोराएवढाच आहे, वडील त्याच्या आधी वारले असले तरी, हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला स्पष्ट केलंय. बहुतेक जणी ऐकून घेतात आणि म्हणतात, बाई, माहेर तुटंल.

त्या दिवशी आलेल्या मावशीपण तेच म्हणाल्या. पन्नाशीच्या असतील, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. आई आराधी होती, म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागणारी, आणि तिची परडी, म्हणजे जोगव्याची टोपली, ह्यांच्याकडं आलेली, कारण मंगळवार-शुक्रवार दारोदार जोगवा मागायचा हे सुनांना नको होतं. परडी लेकीला गेली तेव्हा कुणाची हरकत नव्हती, कुणी कागद केला नाही.

आत फोटो झाला, मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला आणि सब-रजिस्ट्रार साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, लिहून दिलेलं कबूल आहे ना? मावशींचा हात तिथंच थांबला. बोटं थरथरायला लागली, मग खांदे, अंबाडा सुटला, आणि आई राजा उदो उदो म्हणून अशी आरोळी आली की बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. आवाज त्यांचा नव्हता, सकाळपासून मी त्यांच्याशी बोलत होते, हा जाड, म्हातारा आवाज होता. "माझी लेक हाय ती, तिला मोकळ्या हातानं काढू नका." एवढंच.

मागं बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं हात जोडले, डोळ्यातनं पाणी. म्हणाले, "सासूबाई हायती." लग्न ठरवताना ह्याच आवाजात त्या म्हणल्या होत्या म्हणे, परडीसकट नेत असशील तर ने, आणि ह्यांनी घरच्यांचा विरोध अंगावर घेऊन नेलं होतं. आजपण बायकोचे केस त्यांनीच सावरले, सगळ्यांसमोर, पाणी पाजलं.

मी इथं शास्त्र सांगत बसणार नाही, बघितलं ते लिहितेय. पण साहेबांचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी मावशी पूर्ण भानावर येईपर्यंत वाट पाहिली आणि परत तोच प्रश्न विचारला. मावशी स्वतःच्या आवाजात, भावाकडं बघत म्हणाल्या, "न्हाई. कबूल न्हाई." लिहून देणाराच नाही म्हणला तर नोंदणी होत नाही, संपला विषय.

भाऊ भडकला, म्हणला मग आईची परडी तरी घरी आण. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ने की. येत्या मंगळवारी जोगव्याला निघशील का पण?" तो गप झाला.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव आहेच, सगळे राजी असले तर तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटणी होते, नाहीतर दिवाणी दावा. मावशी केस बांधत म्हणाल्या, दाव्याचं नंतर बघू वकीलबाई, आधी भावजयीशी बोलते, तिलाबी दोन पोरी हायत.