वेचणीची वही ब्राउझरमध्ये उतरवताना

काकींकडे कापूस वेचणीच्या हिशोबाची वही असते. डावीकडे बायांची नावं, पुढे रोजचे किलो. संध्याकाळी बांधावर तोलकाट्याला गाठोडं लटकवायचं, कुणीतरी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि काकींनी तो लिहायचा. बाजाराच्या आदल्या दिवशी बेरीज होते आणि मजुरी वाटली जाते. दिवाळीआधी अमळनेरला गेले, तेव्हा वहीवर पाणी सांडून दोन दिवसांचे आकडे फिसकटले होते. मी जळगावात बसून दुसऱ्यांच्या वेबसाइटी करते, मग घरचं एवढं एक पान का करू नये, म्हणून त्याच रात्री लॅपटॉप उघडला.

पान तासाभरात झालं. दुसऱ्या दिवशी काकींनी पहिल्याच बाईचे १७.५ किलो टाइप केले आणि मजुरीच्या रकान्यात ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे ‘हा आकडा नाही’) उमटलं. काकींनी फोन माझ्यापुढे धरला, "हाई काय शे वं माय?" ती बाई शेजारीच उभी होती. तिच्या दिवसभराच्या कामापुढे तीन रोमन अक्षरं, आणि ती कुणालाच वाचता येत नव्हती. मला फार लागलं ते.

काकींच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे आकडे देवनागरीत आले होते. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, तिचं मजकुराचा आकडा करणारं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. पार्स-फ्लोटही ओळखत नाही, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या खुणांमधला) अंकांसाठीचा ‘बॅकस्लॅश डी’सुद्धा फक्त रोमन 0 ते 9 पकडतो. उपाय एका ओळीचा आहे. इथे मी तो देवनागरीत लिहिते, एडिटरमध्ये मेथडची नावं नेहमीसारखी रोमनमध्ये टाका. ‘मजकूर’ आणि ‘अंक’ ही व्हेरिएबल मात्र देवनागरीत ठेवली तरी जावास्क्रिप्ट बिनतक्रार चालवतं.

मजकूर.रिप्लेस(/[०-९]/जी, अंक => '०१२३४५६७८९'.इंडेक्सऑफ(अंक))

सापडलेल्या अंकाची त्या स्ट्रिंगमधली (अक्षरांच्या माळेतली) शून्यापासून मोजलेली जागा हीच त्याची किंमत. हे झालं की मग नंबरमध्ये टाका. इनपुटचा प्रकार मी ‘टेक्स्ट’ ठेवते आणि सोबत ‘इनपुटमोड’ला ‘डेसिमल’ देते. म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो आणि कुठल्या लिपीत काय आलं ते आपल्या हातात राहतं.

दाखवताना उलटा प्रवास सोपा आहे. आकडा भाषेप्रमाणे सजवणाऱ्या टू-लोकेल-स्ट्रिंगला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिलं की १,२५,००० असं येतं, अंकही आपले आणि स्वल्पविरामही लाखाच्या जागी. कुठे रोमन अंकच हवे असतील तर न्यूमरिंग-सिस्टिमला ‘लॅटन’ द्या. फक्त ही सजवलेली स्ट्रिंग परत बेरजेत घेऊ नका. मी एकदा पडद्यावरचीच रक्कम वाचून पुढची बेरीज केली होती आणि स्वल्पविरामाने घात केला. हिशोबाचा आकडा वेगळा जपायचा, पडद्यावरचा वेगळा.

यापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो शोधाने. काकींना फक्त ‘दुसऱ्या वेचणीचा’ हिशोब बघायचा होता. त्यांनी शब्द टाकला, पान म्हणालं काही सापडलं नाही. नोंदी तर समोर दिसत होत्या! मी काकींनी टाकलेला आणि नोंदीतला असे दोन्ही शब्द ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून बघायच्या खिडकीत) टाकून लांबी मोजली. एकाची ७, दुसऱ्याची ८.

डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात: दुसऱ्या आणि दुसर्‍या. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, मग हलंत, मग ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीला रोज लागतो. वाऱ्यावर, शेतकऱ्याला, भाकऱ्या, वेचणाऱ्या, आमच्या हिशोबाच्या पानावर तर तो ओळीओळीला. कीबोर्डागणिक तो वेगवेगळ्या तऱ्हेने साठवला जातो.

आधी मी घाईत चुकीचा उपाय केला. न दिसणारी सगळी अक्षरं काढून टाकणारी एक ओळ माझ्याकडे जुन्या कामातून तयार होती, तीच चिकटवली. शोध तर लागला नाहीच, वर काकींच्या नोंदींमधलं ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ झालं, रफार जाऊन ‘या’च्या डोक्यावर बसला. नुसत्या कोडकडे बघून हे कधी कळलं नसतं, काकींनी वाचून दाखवलं म्हणून कळलं. तेव्हापासून देवनागरी मजकुरातला जॉइनर मी डोळे मिटून उडवत नाही.

बरोबर उपाय असा. आधी नॉर्मलाइज (वेगवेगळ्या तऱ्हेने साठवलेलं अक्षर एका रूपात आणणारी मेथड), ‘एनएफसी’ हे जोडलेलं रूप देऊन. त्याने ‘र’ आणि खाली नुक्ता असा सुटा लिहिलेला प्रकार ‘ऱ’मध्ये बसतो. पण जॉइनरवाला प्रकार नॉर्मलाइज हलवत नाही, म्हणून ‘र, हलंत, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’ असा आणखी एक रिप्लेस. तसंच ‘ॲ’चं. ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ आणि अखंड ‘ॲ’ युनिकोडला, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, दोन वेगळ्या गोष्टी वाटतात आणि नॉर्मलाइज त्यांनाही एक करत नाही. तिथे दुसरा रिप्लेस. या तिन्ही ओळी एका फंक्शनमध्ये बांधा आणि नोंद साठवतानाही तिथूनच जा, शोधतानाही तिथूनच. एका बाजूने विसरलं की सगळं पाण्यात.

नावांची यादी लावायला नुसतं सॉर्ट वापरू नका. ते युनिकोडच्या क्रमांकाने लावतं, म्हणून ‘ॲ’ने सुरू होणारं नाव ‘ह’च्याही मागे जाऊन पडतं. भाषेच्या क्रमाने तुलना करणाऱ्या लोकेल-कम्पेअरला ‘एमआर’ द्या, काम झालं.

आता दिसण्याचं. एचटीएमएल टॅगवर लँग ‘एमआर’ लिहिणं हे माझं पहिलं काम असतं. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ब्राउझर याच खुणेवरून ते निवडतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. एखादा परिच्छेद अहिराणीत असेल तर त्याला ‘एएचआर’ लावा, अहिराणीला स्वतःचा आयएसओ कोड आहे. काकींच्या पानावरच्या सूचना मी अहिराणीतच ठेवल्यात आणि प्रत्येकीवर ती खूण आहे. आपल्या बोलीचं नाव कोडमध्ये लिहिताना मला बरं वाटतं.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांत, दोन गोष्टी सांभाळा. इंग्रजी डिझाइनमधून बटणांवर येणारं लेटर-स्पेसिंग देवनागरीत शिरोरेखा तोडतं, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ‘लँग(एमआर)’ या सिलेक्टरखाली ते ‘नॉर्मल’ करून टाका. आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ वर ‘कीर्ती’ लिहून बघा. रफार आणि वेलांटी एकावर एक चढतात, त्यात ओव्हरफ्लो हिडन असेल तर वरचा भाग कापलाच जातो. मी १.७ च्या खाली येत नाही.

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देत असाल तर युनिकोड-रेंजमध्ये (फॉन्ट कुठल्या अक्षरांसाठी वापरायचा त्या यादीत) देवनागरीचं ०९०० ते ०९७एफ एवढंच लिहून थांबू नका. २००सी-२००डी हे नॉन-जॉइनर आणि जॉइनर, २५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळ आणि २०बी९ हे रुपयाचं चिन्हही त्यात घाला. माझ्याकडून २०बी९ राहिलं होतं आणि प्रत्येक रकमेपुढचा ₹ परक्या फॉन्टमधून येऊन उभा राहत होता. फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ ठेवा. शेतात नेटवर्क एका काडीवर असतं, फॉन्ट येईपर्यंत कोरं पान दाखवण्यात अर्थ नाही.

हे सगळं लॅपटॉपवर तपासून भागत नाही. मी व्हीट हे पान बांधायचं साधन वापरते, त्याचा डेव्ह सर्व्हर (पान लॅपटॉपवरून दाखवणारा) ‘होस्ट’ पर्याय देऊन सुरू करते आणि त्याच वायफायवरच्या फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता व ५१७३ पोर्ट टाकून पान उघडते. मग फोन घेऊन अंगणात जाते. ऑक्टोबरच्या उन्हात करड्यावर करडं लिहिलेलं एक अक्षर दिसत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ उजेडाचा फरक हवा असं वेब सगळ्यांना वाचता यावं यासाठीचा नियम सांगतो. काकींच्या पानावर मी सरळ पांढऱ्यावर काळं केलं.

आता काकींना ते पान छापून हवंय, कारण मजुरी वाटताना बायांना कागदावर अंगठा किंवा सही करायची सवय आहे आणि ती मोडायचं काही कारण नाही. प्रिंटची सीएसएस घेतली आहे लिहायला. प्रत्येक ओळीला ब्रेक-इनसाइड ‘अव्हॉइड’ दिलंय, म्हणजे एका बाईचं नाव एका कागदावर आणि तिची रक्कम दुसऱ्या कागदावर असं होणार नाही. सहीचा रकाना अजून अरुंद पडतोय.