बिनकामाचं चालणं

आमच्या गावात कुणी उगाच चालत नाही. चालणाऱ्याला काहीतरी काम असतं. ओलिताला जायचं असतं, ढोरं सोडायची असतात, गाडी पंक्चर झालेली असते, नाहीतर घरी भांडण झालेलं असतं. म्हणून सुटीवर आल्यावर सकाळी पांधणीनं, शेतांमधल्या वाटेनं, सहज निघालो की धुऱ्याधुऱ्यावरून, बांधाबांधावरून हाका येतात.

"काय रे बाबू, कुठी चालला?"

"कुठी नाही काका, असाच."

"असाच म्हंजे?"

याचं उत्तर माझ्याकडे नसतं. सोबतच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं की काका आणखीच कोड्यात पडतात. गावातलं कुत्रं आपलं आपण फिरतं, त्याला माणूस कशाला लागतो?

मी नोकरीनिमित्त बर्लिनला राहतो. गाव अमरावती जिल्ह्यात, मोर्शी आणि वरुडच्या मधलं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते ते. बर्लिनला माझं स्वतःचं कुत्रं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींचा ब्रूनो आहे, आखूड पायांचा, लांबट, डाकेल जातीचा. आजींचे गुडघे बोलायला लागले तशी त्याची सकाळची फेरी माझ्याकडे आली आणि माझं तिथलं राहणंच बदललं.

बर्लिनचा माणूस वाईट नाही, पण अनोळखी माणसाशी तो कारणाशिवाय बोलत नाही. एकाच जिन्यानं वर्षानुवर्षं चढता-उतरता, 'हालो' म्हणता, संपलं. हातात कुत्र्याचा पट्टा आला की तोच माणूस थांबतो. आधी कुत्र्याशी बोलतो, मग हळूच तुमच्याशी. बागेत भेटणाऱ्या सगळ्या कुत्र्यांची नावं मला पाठ आहेत, त्यांच्या मालकांपैकी एकाचंही नाव माहीत नाही. तरी कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची मुलगी घर सोडून गेली, हे मला ठाऊक असतं.

डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आधी मावळतो. ऑफिसला जाणाऱ्याला आठवडाभर ऊनच दिसत नाही. अशा दिवसांत मी आपणहून घराबाहेर पाऊल टाकलं नसतं. पण ब्रूनोला बर्फ असो की पाऊस, जायचंच असतं. फुटपाथवर बर्फ पडलं की लोक मीठ नाही, बारीक खडी टाकतात. खाजगी माणसाला मीठ टाकायला तिथे बंदीच आहे, झाडांच्या मुळांना आणि जनावरांच्या पंजांना ते बाधतं म्हणून. त्या खडीवरून कचकच चालायचं. ब्रूनो दर दहा पावलांवर थांबून खांब हुंगतो. तो हुंगेस्तोवर मला काही उद्योग नसतो, मोबाईल काढला तर बोटं गोठतात, मग वर बघावं लागतं. असं बघता बघता कळलं की तिथला कावळाही आपल्या गावकावळ्यासारखा राखाडी-काळा आहे. मार्चमध्ये उजाडण्याआधी छपरावर बसून कुणी गातं, तो काळा आम्झेल पक्षी. सप्टेंबरात चेस्टनटची फळं गाड्यांच्या टपांवर टपटप पडतात आणि म्हातारी माणसंही त्यातलं एखादं गुळगुळीत बी उचलून कोटाच्या खिशात टाकतात.

गावच्या पानठेल्यावर हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. तिथे रस फक्त एका गोष्टीत निघाला. बर्लिनमध्ये कुत्र्यावर कर आहे, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो आणि पुढच्या प्रत्येकाला १८०. म्हणजे आजी ब्रूनोसाठी दरसाल बारा हजारांच्या आसपास रुपये भरतात आणि त्याच्या गळ्यात त्याचा बिल्ला असतो. ठेल्यावर शांतता पसरली. "तेवढ्यात तर बकरी येते बाप्पा," एकजण म्हणाला, "अन् बकरी दूध देते." दुसऱ्यानं आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या कुत्र्यांचा हिशेब तोंडी मांडायला घेतला. त्या वसुलीत गावाची नाली होईल, असं सर्वानुमते ठरलं.

गावातला माझा सोबती भुऱ्या. कुणाचा म्हणाल तर कुणाचाच नाही. भाकर आमच्या घरी खातो, झोपतो काकांच्या ढोरांच्या कोठ्यात आणि राखण करतो तीन घरांची. ना पट्टा ना बिल्ला. पहिल्या दिवशी मी फाटक उघडलं तसा तो उठला, आळस दिला आणि पुढे चालू लागला, जणू ठरलेलंच होतं. बाबांची एकच अट, चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट असतो आणि त्याला कुत्र्याइतकं सोपं काही मिळत नाही.

खरं सांगायचं तर भुऱ्याचा मला तिकडच्या उलट उपयोग होतो. बर्लिनमध्ये कुत्र्यामुळे माणसं भेटतात. इथे माणसं पावलोपावली भेटतात, चहाला बसवतात, पगार विचारतात, लग्नाचं काढतात. भुऱ्या मात्र कुणाच्या ओट्यावर थांबत नाही. तो सरळ वावरात घुसतो. "कुत्रं गेलं बघा तिकडं," म्हणत मलाही सटकता येतं.

वावर म्हणजे सध्या हरभरा. जानेवारीचं धुकं, पिकावर दव, निळसर-जांभळी फुलं आणि त्यांच्या खाली भरत आलेले घाटे. भुऱ्या तासातून, पिकाच्या ओळींमधून, धावत जातो आणि पलीकडून पोटाखाली ओलाचिंब होऊन निघतो. मग धुऱ्यावर बसून आपले पाय चाटतो. एकदा चाटतो, थांबतो, नाक फेंदारतो, शिंकतो, पुन्हा चाटतो. हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर बारीक लव असते आणि तिच्या टोकांना आंबट थेंब धरतात. तीच आंब. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हाताला भेगा असल्या तर निंदणाऱ्या बायांना ती चांगलीच झोंबते. माझी आजी थंडीत रात्री स्वच्छ धुतलेलं पातळ फडकं हरभऱ्यावर अंथरून यायची आणि सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीसाठी. आता बाटली कुणी भरत नाही. मी एक पान तोडून जिभेवर ठेवलं. भुऱ्या आशेनं माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्याला वाटलं असेल मला काही चांगलं मिळालं.

परतल्यावर ओट्यावर बसून त्याच्या अंगातले गोखरू काढायचे. हे काम घाईनं होत नाही. कानामागचे आणि शेपटीतले काढू देतो, मांडीच्या आतले काढताना गुरगुरतो. एक गोखरू नखावर धरून उन्हात बघा, प्रत्येक काट्याचं टोक आत वळलेलं, नेमका आकडा. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरनं १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आल्यावर असंच एक चिकटणारं बोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातून पुढे चपलांच्या, बॅगांच्या पट्ट्यांवरचं ते चर्रकन उघडणारं वेल्क्रो आलं. त्याचं पेटंट १९५५ मध्ये झालं. आमच्या आईचं म्हणणं वेगळं. "पेटंट घेतलं त्यानं, पण गोखरू काढले कोणी? त्याच्या बायकोनंच काढले असतील."

संत्र्याच्या बगिच्यात गेलं की पाहुण्याला वाईट वाटतं. झाडं मलूल, पानं गळलेली. पण ही हौशीनं केलेली उपासमार आहे. आंबिया बहार घ्यायचा म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, झाड ताणावर सोडतात. मग खत देऊन पाणी सोडलं की फांद्याफांद्यांवर पांढऱ्या कळ्या फुटतात आणि बगिच्यातून चालणाऱ्याच्या कपड्यांनाही वास लागतो. आमचं पाणी परवाच सुटलं. ओल्या आळ्यांत परीट आले आहेत, शेपटी खालीवर करत तुरुतुरु धावणारे काळे-पांढरे. भुऱ्या त्यांच्यामागे मनापासून पळतो आणि आजवर एकही पकडू शकलेला नाही. हाच पक्षी उन्हाळ्यात बर्लिनच्या तळ्याकाठी मी ब्रूनोसोबत बघतो. तिथले परीट थंडीत भूमध्य समुद्राकडे, उत्तर आफ्रिकेकडे उतरतात आणि आपल्याकडचे हिमालयापलीकडून, सायबेरियाकडून येतात, म्हणजे पाखरू तेच असलं तरी गावकी वेगळी. तरी पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी उगाचच बाबांना हाक मारून दाखवला. "धोबी आहे तो," बाबा म्हणाले आणि मोटर बंद करायला गेले.

नाल्याच्या कडेला मात्र भुऱ्या रोज थबकतो. पाठीवरचे केस उभे राहतात, कान पुढे, आणि पाऊल पुढे टाकत नाही. खाली चिखलात खुरांच्या दोन फाका आणि त्यांच्यामागे दोन्ही अंगांनी एकेक बारका ठसा उमटलेला असतो. हे रानडुक्कर. पलीकडच्या हरभऱ्यात माती उकरून, झाडं मुळासकट उलथून पाच-सहा तासं सपाट केलेली. चहूबाजूंनी काठ्या रोवून जुनी लुगडी, साड्या बांधल्यात, लाल, हिरव्या, जरीच्या सुद्धा. लांबून वाटतं वावरात लग्न आहे. डुकरांना आता त्यांचीही सवय झाली आहे. रात्री जागल करावी लागते, मचाणावर बसून टॉर्च फिरवायचा, डबे वाजवायचे, फटाके फोडायचे. दिवसा पुन्हा कापूस वेचायचा. लोक डुकरांना शिव्या देतात आणि मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. निसर्ग बघायला जाणाऱ्याचा हरभरा गेलेला नसतो.

परवा जागलीवरचे मामा उतरून घरी जात होते. डोळे लाल, कानाला दुपट्टा गुंडाळलेला. भुऱ्यानं त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी त्यांना सांगितलं की बर्लिनमध्ये सुद्धा रानडुकरं आहेत, ग्रूनेवाल्ड नावाचं जंगल शहरातच आहे आणि ती रस्त्यावर येतात. मामांचा विश्वास बसेना. मग मी २०२० च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगितली. तिथे एका तळ्याकाठी लोक उघड्यानं ऊन खायला बसतात. तर एका डुकरीनं, सोबत दोन पिल्लं, एका माणसाची पिवळी पिशवी तोंडात धरून पळवली. पिशवीत त्याचा लॅपटॉप. तो माणूस तसाच तिच्यामागे धावला आणि त्याचे फोटो जगभर गेले.

"तसाच म्हंजे? अंगावर काईच नाई?"

"काहीच नाही."

मामा धुऱ्यावर बसले आणि हसून हसून खोकायला लागले.

"मंग भेटला का त्याले लॅपटॉप?"

"भेटला. पिशवी परत मिळाली."

मामांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि उलथलेल्या हरभऱ्याकडे एकदा पाहिलं. "तिकडचं डुक्कर बरं हाय बा," ते म्हणाले. "आमच्यावालं काई वापस देत नाई."