कुलूप

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं घर सोडायच्या दिवशी सकाळी लक्षात आलं की आपल्या घराला कुलूपच नाही.

कडी होती. अंगठ्याएवढी जाड, लोखंडी. कोयंडाही होता. पण त्यात कुलूप अडकवायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण घर मोकळं म्हणून नसायचंच. सोप्यात आजी बसलेली असायची, आजीनंतर काकू, काकूनंतर आई. नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला, मावळतीची किरणं मूर्तीवर पडताना बघायला, अख्खी गल्ली संध्याकाळी देवळाकडं धावायची, तेव्हाही आजी जागची हलायची नाही. "किरणं इथवर यायची तर येतील की," म्हणायची.

पुरात तेवढं घर सोडावं लागायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. आमच्याकडं त्याचा अर्थ असा, की 39 ला गहू माळ्यावर आणि 43 च्या आत माणसं मामाकडं. 2019 च्या ऑगस्टमध्ये निघताना मी कुलपाचं नाव काढलं, तर आई म्हणाली, "पाणी काय किल्ली मागतंय व्हय?" नुसती कडी घालून निघालो. 2021 च्या जुलैत परत तेच. त्यानंतर मात्र भिंतींची ओल गेलीच नाही, आईचे गुडघेही कुरकुरायला लागले आणि चुलतभावांचं एकदाचं एकमत झालं. आमच्या घराण्यात ही गोष्ट पुरापेक्षा दुर्मिळ.

तर महाद्वार रोडला कुलूप आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती दिवसांसाठी पायजे?"

"आठवडाभर. मग पाडणारच आहेत."

"मग हे घ्या की. कशाला पैसं घालवताय?" त्यानं सगळ्यात स्वस्तातलं पुढं केलं.

ते कोयंड्यात जाईना. वर्षानुवर्षांचा गंज आणि त्यावर दर दिवाळीला चढवलेला ऑइलपेंट, भोक निम्मं बुजलेलं. स्क्रूड्रायव्हरनं खरवडत बसलो. हिरवा थर निघाला, खाली निळा, त्याखाली तपकिरी. निळा मी लावलेला, दहावीच्या सुट्टीत. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

शेवटी कुलूप बसलं. आईनं दारावर तळहात टेकला आणि म्हणाली, "येतो." आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. पुण्याची वहिनी अजून त्याला हसते. त्या दिवशी नाही हसली.

आता आम्ही कळंब्याच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. इथलं दार ओढलं की आपोआप लागतं. तिसऱ्याच दिवशी आई शेजारी विरजण मागायला गेली आणि बाहेर अडकली. मी ऑफिसात, फोन आत. तासभर जिन्यात बसून होती बिचारी, वाटी घेऊन.

जुना पाटा जड म्हणून तिथंच राहिला होता, पण वरवंटा आईनं लुगड्यात गुंडाळून आणला होता. पाट्याशिवाय त्याचं काय करणार, असं मी विचारलंही होतं. दुसऱ्या दिवसापासून तो उंबऱ्यापाशी आडवा पडलाय. दार लागतच नाही.

परवा सोसायटीचे सेक्रेटरी सांगायला आले, की सुरक्षेच्या दृष्टीनं दार बंद ठेवत जा. आईनं त्यांना आत बोलावलं, बसवलं, चहा टाकला. जाताना वरवंट्याला ठेचकाळले, तेव्हा त्यांनीच तो वाकून परत जागेवर सरकवला.