एकाच मापाची काडतुसं, ताकद मात्र वेगळी

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी नावाची मोठी सरकारी शूटिंग रेंज आहे. गेल्या शनिवारी ऑफिसातल्या मित्राबरोबर तिथे गेले होते. तो दरवर्षी डोंगरात शिकारीला जातो आणि तिकडे अस्वलं असतात म्हणून कमरेला .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाळगतो. निघण्याआधी नवी काडतुसं त्याला पारखून घ्यायची होती.

त्याने टेबलावर दोन कंपन्यांची खोकी उघडली. दोन्हींवर '.३५७ मॅग्नम' हे एकच माप, दोन्हींत गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वादहा ग्रॅम. मी एकेक काडतूस तळहातावर घेतलं. पितळी पुंगळी, वर शिशाचं टोक. मला काहीच फरक कळेना.

फरक कळला तो बार उडाल्यावर. पहिल्या खोक्यातल्या सहा बारांचा दणका झेपला. दुसऱ्या खोक्यातला पहिलाच बार उडाला आणि नळी थेट कपाळापर्यंत उचलली गेली. अंगठ्याच्या बेचक्यात कितीतरी वेळ झिणझिण्या येत होत्या.

'मॅग्नम' म्हणजे ठरावीक ताकद, असं मी धरून चालले होते. ते चूक आहे. इथे काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी 'सामी' नावाची उत्पादकांची संस्था आहे. तिने .३५७ मॅग्नमसाठी चौरस इंचाला ३५,००० पौंड ही दाबाची कमाल मर्यादा घातली आहे. किमान मर्यादा मात्र नाही. त्यामुळे एखादी कंपनी सरावासाठी सौम्य काडतुसं भरते, तर दुसरी मर्यादेच्या काठापर्यंत जाते. फेडरल कंपनीच्या 'अमेरिकन ईगल' काडतुसांमधल्या १५८ ग्रेनच्या गोळीचा जाहीर वेग सेकंदाला १२४० फूट आहे. बफेलो बोअरसारखी छोटी कंपनी तेवढ्याच वजनाच्या गोळीला १४०० च्या वर नेते. हा फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १२४० ला ती सुमारे ७३० ज्यूल भरते, १४०० ला ९३० च्या पुढे जाते.

खोक्यावरचा वेगाचा आकडाही कुठली नळी वापरून काढला, ते बघावं लागतं. १९३५ साली हे काडतूस आलं तेव्हा सेकंदाला १५१५ फूट वेगाची जाहिरात झाली होती, पण ती पावणेनऊ इंची नळीवर. मित्राची नळी चार इंची. शिवाय काडतुसं बसतात ते फिरतं चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू निसटतोच. म्हणून तो वेगमापक मांडून स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरवर वेग मोजतो.

त्याची आणखी एक तपासणी मला फार आवडली. जोरदार काडतुसांचे पाच बार काढायचे, सहावं न उडवता बाहेर घ्यायचं आणि व्हर्निअरने त्याची लांबी मोजायची. पाच दणक्यांनी सहाव्यातली गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल, तर ती चक्राबाहेर येऊन चक्र अडकवू शकते. अस्वल समोर असताना रिव्हॉल्व्हर जाम झालं तर काय, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी लांबीत फरक पडला नव्हता. तरी त्याने दुसऱ्या काडतुसावर पुन्हा तेच केलं.

रात्री खडकीला फोन लावला. बाबांची सगळी नोकरी तिथल्या दारूगोळा कारखान्यात गेली. मी उत्साहाने १२४० आणि १४०० सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"आधी सांग, नळी केवढी होती?"

"चार इंच, बाबा."

"हं. आता सांग आकडे. थांब, चष्मा आणि वही घेऊ दे."