विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास: तपासणीचा माझा अनुभव

कोल्हापूरच्या पूर्वेकडून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गालगत आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि घराचे व जनावरांचे पाणी तेथील विहिरीवरच अवलंबून होते. एका पावसाळ्यात विहीर भरत आली तसा पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि पृष्ठभागावर तवंग दिसू लागला. उन्हाळ्यात मात्र यांपैकी काहीच नव्हते. वरच्या अंगाला एक जुना पेट्रोल पंप असल्यामुळे गावात लगेच त्याच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले. परंतु केवळ वास हा पुरावा ठरत नाही, गळती, मार्ग आणि विहीर या तिन्हींचा संबंध जोडून दाखवावा लागेल, असे आमच्या परिचयातील भूजलतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले. गाळ काढण्यासाठीसुद्धा कोणाला विहिरीत उतरू देऊ नका, हेही त्यांनी बजावले, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती तळाशी साचते.

ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या कोल्हापुरातील कार्यालयांत अर्ज दिले. इंधनाच्या टाक्यांचे परवाने पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना देते, म्हणून तिलाही प्रत पाठवली. अर्जात एक गोष्ट मुद्दाम लिहावी लागते. क्षारता, कठीणपणा आणि जंतू पाहणाऱ्या नेहमीच्या पाणी-तपासणीत पेट्रोलमधील बेंझीनसारखे घटक पाहिलेच जात नाहीत. बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन यांची नावे घेऊन तपासणी मागावी लागते. यांपैकी बेंझीन कर्करोगकारक आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरमागे अवघी १० मायक्रोग्रॅम आहे.

नमुना घेण्याची पद्धतही वेगळी असते. प्लास्टिकच्या बाटलीत हे पदार्थ टिकत नाहीत, म्हणून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या आम्लाचे थेंब घालून काठोकाठ भरतात आणि आत हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत. मग त्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवतात, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी व्हावी लागते. आमच्या विहिरीतील बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट अधिक निघाले. तो कागद हाती आल्यावर घरातील लहान मुलांकडे पाहून जे वाटले, ते मी येथे लिहू शकत नाही.

यानंतर प्रश्न होता मार्गाचा. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा पाषाण आहे. पाषाणातून पाणी सर्वत्र सारखे झिरपत नाही. ते भेगा आणि सांध्यांतून वाट काढते, त्यामुळे पंपाला चिकटून असलेली विहीर स्वच्छ राहून दूरची बिघडू शकते. पाण्याचा उतार कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण विंधन विहिरी (पाण्याची पातळी व नमुने पाहण्यासाठी पाडलेली बोअर) लागतात, आणि त्या एका ओळीत असून चालत नाहीत. विंधताना प्रत्येक थरातील मातीची वाफ उपकरणाने मोजली, तेव्हा सर्वाधिक इंधन मुरमाच्या थरात अडकलेले आढळले. पावसाळ्यातच वास येण्याचे कारण तेथे उलगडले: पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पातळीबरोबर खाली-वर होते आणि वाटेतील मुरूम माखून ठेवते, पातळी चढली की पाणी त्या माखलेल्या थराला भिडते आणि बेंझीन पुन्हा त्यात उतरते. नमुने केवळ मे महिन्यात घेतले असते, तर सगळे ठीक असल्याचा अहवाल आला असता.

पंपचालकांचे म्हणणे होते की साठ्याचा रोजचा हिशेब जुळतो. त्यात तथ्य होते, पण ते अपुरे होते. तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी २० हजार लिटर पेट्रोलचे आकारमान सुमारे २० लिटरने बदलते, त्यामुळे रोजची काही लिटरांची गळती त्या चढउतारात लपून जाते. तज्ज्ञांनी महिन्यामहिन्यांच्या नोंदी एकत्र मांडण्याची मागणी केली, तेव्हा तूट सातत्याने एकाच बाजूला जाताना दिसली. दाबाच्या चाचणीत टाकी शाबूत निघाली. टाकीपासून यंत्राकडे जाणाऱ्या जमिनीखालच्या नळीचा सांधा गळत होता. तो बदलला गेला आणि तरंगणारे पेट्रोल काढून घेण्याचे काम सुरू झाले.

आम्ही मात्र प्रकरण तेवढ्यावर मिटू दिले नाही. गळती थांबली तरी मुरमातील इंधन वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहू शकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व आहेच. त्याचा आधार घेऊन निरीक्षण विंधन विहिरी बुजवू नयेत आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोन्ही वेळची तपासणी पंपाच्या खर्चाने चालू राहावी, असे आम्ही लेखी मान्य करून घेतले. विहिरीवरची मोटर अजून बंद आहे आणि पिण्याचे पाणी आम्ही टँकरने आणतो. सलग दोन पावसाळ्यांचे अहवाल मर्यादेच्या आत आल्याशिवाय ती सुरू करायची नाही, असे घरात ठरले आहे.